नांगराची निशाणी

दिग्रस येथील माझ्या एका स्नेह्यांच्या घरी दसऱ्याच्या पूजेत पोथ्यांच्या जोडीने एक जुना रुमाल मांडण्याची चाल आहे. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे दप्तर, हे जुन्या कागदपत्रांशी ज्यांचा परिचय आहे त्यांस सांगावयास नको. पंधरा-वीस कागद, कडा झिजलेल्या, शाई तपकिरी पडलेली. वडिलांनी पुजले म्हणून मुलांनी पुजावयाचे. त्यांत काय लिहिले आहे हे गेल्या दोन पिढ्यांत त्या घरी कोणास ठाऊक नव्हते, कारण अक्षर मोडी होते. कोणा पूर्वजास मिळालेली ती सनद असावी, अशी घरातील पुरुषांची समजूत. एखादे स्तोत्र असावे, अशी बायकांची.

विद्यार्थिदशेत मला मोडीचा नाद होता. त्या थोड्याशा भांडवलावर मी तो रुमाल सोडला आणि पहिला कागद वाचावयास घेतला. ते गहाणखत निघाले. जवळच्याच एका खेड्यातील कुणब्याने दुष्काळी कर्जापोटी आपले शेत, विहिरीतील हिश्शासुद्धा, लिहून दिले होते. पुढचे कागदही त्याच कुळातले : व्याजाची बाकी कबूल केल्याचा रोखा, मुदत वाढवून घेतल्याचा दुसरा रोखा, आणि अखेरीस त्याच शेताचे खरेदीखत. प्रत्येक खताखाली लिहिणाऱ्याचे वळणदार अक्षर, साक्षीदारांच्या सह्या; आणि ज्याने लिहून दिले त्याच्या नावापुढे, सहीच्या ठिकाणी, नांगराचे एक लहानसे चित्र. ज्यास अक्षर येत नसे अशा शेतकऱ्याची ती रीतीप्रमाणे निशाणी.

मी वाचीत गेलो तसतशी मंडळी गप्प होत गेली. शेवटी स्नेह्यांच्या मातोश्रींनी विचारले, “गुरुजी, मंग हे आता पूजेत ठेवाव का नाई?”

त्या दिवशी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु त्या माउलीचा प्रश्न दिसतो तितका घरगुती नाही. अक्षराला आपण पवित्र मानतो. कागदास पाय लागला तर नमस्कार करतो, पाटीवर सरस्वती काढतो, ‘अक्षर’ ह्या शब्दाचा अर्थच अविनाशी असा करतो. ह्या पावित्र्यास आधार कोणता? लिहिलेल्या वस्तूने मनुष्यजातीचे जे कल्याण केले त्यात, लिहिता न येणाऱ्याचे जे अकल्याण केले ते वजा घालावयाचे की नाही? हा हिशेब एकदा मांडून पाहावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

लिपीचा इतिहास चाळू जाता पहिलीच गोष्ट मोठी अर्थपूर्ण आढळते. प्राचीन मिसर देशात चित्रलिपी होती. तिची चिन्हे शेकड्यांनी मोजण्याजोगी. ती शिकण्यास आयुष्याचा मोठा भाग खर्ची पडे, आणि म्हणूनच लेखक हा तेथे एक स्वतंत्र व प्रतिष्ठित वर्ग होऊन बसला होता. त्या चित्रलिपीतून वर्णमाला निघाली, परंतु ती त्या पंडितांच्या हातून निघाल्याचे दिसत नाही. सिनाईच्या वाळवंटात सेराबित-अल-खादिम येथे पिरोजाच्या खाणी होत्या. तेथे १९०५ च्या सुमारास फ्लिंडर्स पेट्री ह्यांस काही ओबडधोबड कोरीव अक्षरे सापडली. इसवी सनापूर्वी सुमारे अठराशे वर्षांच्या आसपासची ही अक्षरे खाणींवर आलेल्या सेमिटिक भाषा बोलणाऱ्या लोकांची आहेत, असे पुष्कळ विद्वान मानतात. मिसरी चित्रांचे मूळ वाचन त्यांस ठाऊक नसावे. त्यांनी एवढेच केले की, चित्र घ्यावयाचे आणि त्या वस्तूच्या आपल्या भाषेतील नावाचा पहिला ध्वनी त्यास द्यावयाचा. बैलाचे डोके काढले. बैलास ते ‘अलेफ’ म्हणत. त्या चित्रापासून फिनिशियनांचे पहिले अक्षर झाले. तेच पुढे ग्रीकांनी उचलले, त्याचा ‘अल्फा’ केला आणि स्वरांसाठी स्वतंत्र चिन्हे योजून वर्णमाला पुरी केली. रोमनांचा ‘ए’ तो हाच. आमची मुले शाळेत इंग्रजीचे जे पहिले अक्षर गिरवितात ते उलटे धरून पाहिले म्हणजे दोन शिंगे अजूनही दिसतात.

शेकडो चिन्हांचे काम तिसांहून कमी चिन्हांवर आले, ह्या एका गोष्टीने मनुष्याच्या संस्कृतीत केवढी क्रांती केली! जी विद्या आयुष्य मागत होती ती आता काही महिन्यांत हस्तगत होऊ लागली. वर्णमालेच्या जन्मातच लोकसत्तेचे बीज आहे, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आणि ती पंडितांनी दिलेली देणगी नसून, पंडितांची लिपी ज्यांस येत नव्हती त्यांनी आपल्यापुरती काढलेली वाट आहे, हे विशेष.

मग जी वस्तू अशी सर्वांसाठी जन्मली ती थोड्यांची कशी झाली?

लिपीवर पहिला आक्षेप प्लेटोने सॉक्रेटिसाच्या मुखाने घेतला आहे. मिसरचा देव थोथ लेखनकला घेऊन राजाकडे येतो आणि ही स्मृतीवरची मात्रा आहे म्हणून सांगतो. राजा उत्तर देतो की, हिने स्मृती वाढावयाची नाही, उलट लोक विसराळू होतील आणि ज्ञानावाचून ज्ञानाचा भास मिरवतील. आक्षेप मार्मिक आहे. वेद हजारो वर्षे मुखाने जतन करणाऱ्या आम्हां लोकांस तो पटकन पटावा. दिग्रसच्या आसपास बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. सेवालाल महाराजांचे पोहरादेवी हे क्षेत्रही तेथून फार दूर नाही. बंजाऱ्यांच्या गोरबोलीस परंपरेने स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात, तेलंगणात तेलुगू लिपीत, कर्नाटकात कन्नडमध्ये. पण होळीच्या दिवसांत त्या समाजाची लेंगी गीते ज्याने ऐकली आहेत, तो लिपी नाही म्हणून संस्कृती नाही असे म्हणण्यास धजणार नाही. तेव्हा निरक्षर आणि असंस्कृत हे शब्द समानार्थी मानण्याची जी आम्हां पदवीधरांची खोड आहे ती प्रथम टाकली पाहिजे.

परंतु सॉक्रेटिसाचा आक्षेप हा साक्षराच्या मनाविषयीचा आहे. साक्षर व निरक्षर हे समोरासमोर आले म्हणजे काय होते, हा प्रश्न त्याहून गंभीर होय. फ्रेंच मानवशास्त्रज्ञ लेव्ही-स्ट्रॉस ह्यांनी ब्राझीलमधील वन्य जमातींत राहून आल्यावर १९५५ मध्ये असे मत मांडले की, लिपीचे आद्य कार्य मनुष्यास गुलाम करणे सोपे व्हावे हेच होते. हे वाक्य प्रथम वाचले तेव्हा मला ते एका विद्वानाचे तिरपागडे विधान वाटले. दिग्रसचा रुमाल वाचल्यावर तितके तिरपागडे वाटत नाही.

मोडीचेच उदाहरण घेऊ. यादवांचा मंत्री हेमाद्री ऊर्फ हेमाडपंत ह्याच्या नावाशी परंपरा तिचा संबंध जोडते. ही कारभाराची लिपी. आधी कागदभर शिरोरेषा ओढून घ्यावयाची आणि मग लेखणी शक्यतो न उचलता ओळ संपवावयाची. ऱ्हस्वदीर्घाचा विधिनिषेध नाही, शब्दांत अंतर नाही. लिहिणाऱ्याची सोय पूर्ण, वाचणाऱ्याची परीक्षा. अशा लिपीत मराठ्यांचे राज्य चालले, हुकूम सुटले, हिशेब राहिले. तिच्या गतीवाचून तो अवाढव्य कारभार झालाच नसता. हे तिचे ऋण मान्यच आहे. पण ह्याच लिपीत सावकाराचे खत लिहिले जाई, आणि ज्याचे शेत त्या खतात बांधले जाई त्यास त्यातील एकही अक्षर लागत नसे. त्यास सांगितले तेवढे खरे, आणि कागदावर असेल तेवढे न्यायालयात खरे. ह्या दोन ‘खऱ्यां’मध्ये जे अंतर पडे त्यात पिढ्यान् पिढ्या बुडाल्या.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध जो उठाव केला, आणि जो पुढे पुणे व नगर ह्या जिल्ह्यांत पसरला, त्याचे वर्णन वाचताना एक गोष्ट लक्षात राहते. मारहाण त्या मानाने थोडी झाली. लोकांचा रोख होता खतांवर. सावकाराने कर्जरोखे हवाली केले की तो जमाव बहुधा माघारी फिरे, आणि त्या कागदांची होळी होई. ज्यांस वाचता येत नव्हते त्यांनीच कागदाचे सामर्थ्य सर्वांत अधिक ओळखले होते! सरकारनेही ते ओळखले. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्यात शेतकऱ्याचे खत ग्रामनिबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावे, अशी तरतूद झाली. वऱ्हाड त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होता. आमच्या रुमालातील खते त्या शतकाच्या उत्तरार्धातलीच आहेत.

ह्या रोगाचे मूळ महात्मा फुले ह्यांच्याइतके स्पष्ट कोणी पाहिले नाही. ‘शेतकऱ्याचा असूड’ हे त्यांचे १८८३ चे पुस्तक सर्वश्रुत आहे. पण त्याच्या आधल्या वर्षी, १८८२ मध्ये, हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी जे निवेदन केले त्यातील एक बारीक तपशील मला त्याहूनही बोलका वाटतो. प्राथमिक शाळांत काय शिकवावे हे सांगताना त्यांनी बाळबोधीबरोबर मोडीचे वाचन-लेखन मागितले आहे, आणि त्याच्या शेजारी हिशेब. ग्रंथ बाळबोधीत छापले जात होते. खते मोडीत लिहिली जात होती. कुणब्याच्या मुलास नुसते पुस्तक वाचता येऊन भागणार नव्हते. त्यास त्याच्या बापाने उमटविलेल्या निशाणीच्या वरचा मजकूर वाचता यावयास हवा होता. ह्या मागणीत लिपीविषयीचे एक संपूर्ण तत्त्वज्ञान आहे.

लिपीचे कुलूप करण्याचे काम सावकारच करतात असे मात्र नाही. सज्जनही करतात, आणि उत्तम हेतूने करतात. ह्याचा दाखला आमच्या वऱ्हाडातच आहे. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांच्या महानुभाव पंथाने मराठीस धर्मभाषेचे आसन दिले. केशोबासांसारखा पंडित संस्कृतात रचना करू लागला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांस थोपविले. कारण पंथातील साध्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानास मुकल्या असत्या. ‘लीळाचरित्र’ हा आपला आद्य गद्यग्रंथ ह्या करुणेचेच फळ होय. आणि पुढे त्याच पंथाने आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत बंद केले! ग्रंथ भ्रष्ट होऊ नयेत, अनधिकाऱ्यांच्या हाती पडू नयेत, परचक्रात त्यांस धक्का लागू नये, अशी कारणे सांगतात. आणि ती पोकळ होती असे मी म्हणणार नाही. परिणाम मात्र असा झाला की, म्हाताऱ्यांसाठी ज्या भाषेचे दार उघडले होते त्यास अक्षराचे कुलूप बसले, आणि कित्येक शतके महाराष्ट्रास आपल्या आद्य गद्याचा पत्ता राहिला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी सकळ लिपी उकलली, यवतमाळचे य. खु. देशपांडे ह्यांनी १९२५ मध्ये ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ लिहून त्या भांडाराची ओळख करून दिली, नागपूरचे ह. ना. नेने ह्यांनी १९३६ पासून ‘लीळाचरित्र’ संपादून प्रसिद्ध केले. आज ज्या रिद्धपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले आहे, त्या रिद्धपुराचा महिमाही आपणांस ह्या कुलुपाची किल्ली सापडल्यामुळेच कळला.

भाषा लोकांची असून भागत नाही. लिपीही लोकांची असावी लागते, हा ह्यातील धडा. आणि लिपी लोकांची असूनही भागत नाही, हा पुढचा धडा अशोकाच्या शिलालेखांत आहे. ब्राह्मीसारखी सुबोध लिपी, प्राकृतासारखी लोकभाषा, आणि रस्त्याकडेचे खडक. ह्याहून अधिक उघडे लेखन ते कोणते? परंतु बहुजन वाचू शकत नाहीत हे त्या सम्राटास ठाऊक होते. म्हणून कलिंगातील धौली व जौगड येथील लेखांत त्याने अधिकाऱ्यांस आज्ञा केली आहे की, तिष्य नक्षत्राच्या दिवशी हा लेख लोकांस ऐकवावा, मध्यंतरीही ऐकवावा, एकच मनुष्य असला तरी त्यास ऐकवावा. खडकावर अक्षर कोरून राजाचे कर्तव्य संपत नाही. ते वाचून दाखविल्याने संपते, हे त्याने जाणले. पुढे वाचणारे नाहीसे झाले. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ दिल्लीस नेले तेव्हा त्यांवरील मजकूर सांगणारा एकही पंडित त्यास मिळाला नाही. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप ह्याने ब्राह्मी उलगडीपर्यंत ते खांब मुकेच राहिले. ‘अक्षर’ अविनाशी असते हे खरे, पण वाचणारा असेपर्यंतच.

तीच अवस्था आज मोडीची झाली आहे. श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम केरीने आपला १८१० चा मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला होता. परंतु जोडून लिहावयाची ही लिपी सुट्या खिळ्यांस मानवली नाही, आणि १८३१ च्या मोल्सवर्थच्या कोशापर्यंत छापील मराठीने बाळबोधीच पत्करली होती. हे योग्यच झाले. बाळास बोध व्हावा म्हणून जिचे नाव, ती लिपी लोकशिक्षणास हवीच होती. मोडी शाळांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कशीबशी तगली आणि मग गेली. अशा रीतीने दैवाने मोठे विलक्षण परिवर्तन घडविले. एके काळी जो कागद कुणब्यास वाचता येत नव्हता तो आता सावकाराच्या पणतवासही वाचता येत नाही. पदवीधर नातू आजोबांच्या हस्ताक्षरापुढे अंगठेबहाद्दर होऊन उभा आहे.

ही केवळ संशोधकांची अडचण आहे असे कोणी समजू नये. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीस जुन्या कुणबी नोंदी शोधताना मोडी व उर्दू दप्तरे धुंडाळावी लागली, आणि ती अक्षरे लागणारी माणसे ठिकठिकाणी शोधावी लागली. त्या वादातील पक्षांविषयी मला येथे बोलावयाचे नाही. इतकेच पाहावे की, जिवंत माणसांचे हक्क पुन्हा एकदा अशा कागदांवर टांगले गेले, जे ती माणसे स्वतः वाचू शकत नाहीत. संगणकाच्या जागतिक वर्णसंचात २०१४ साली मोडीस स्थान मिळाले आहे, ही आनंदाची गोष्ट; पण स्थान मिळणे निराळे आणि वाचक मिळणे निराळे.

आता हिशेब जुळवू. लिपी स्वभावतः पुण्यवान नाही आणि पापीही नाही, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. मला ते पुरेसे वाटत नाही. लिपीत एक गोष्ट स्वभावतःच आहे : ती वाचणारा आणि न वाचणारा असे दोन पक्ष निर्माण करते, आणि पहिल्याच्या हाती दुसऱ्याचे काहीतरी ठेव म्हणून देते. निरक्षर मनुष्य नांगर काढून कागद परत देतो तेव्हा तो लिहिणाऱ्यावर विश्वास टाकीत असतो. म्हणून वाचता येणे ही केवळ मिळकत नव्हे. ती विश्वस्तपणाची जोखीम आहे. आपल्या शास्त्रांनी मनुष्य जन्मतःच तीन ऋणे घेऊन येतो असे सांगून त्यांत ऋषिऋण गणले आहे, आणि ते अध्ययनाने फिटते असे म्हटले आहे. मला वाटते, एकट्याने केलेल्या अध्ययनाने ते अर्धेच फिटते. उरलेले अर्धे, ज्यास वाचता येत नाही त्यास प्रामाणिकपणे वाचून दाखविल्याने आणि शक्य तर त्यासच वाचावयास शिकविल्याने फिटते. अशोकाची तिष्य नक्षत्राची आज्ञा आणि फुल्यांची मोडीची मागणी ह्या, दोन हजारांहून अधिक वर्षांच्या अंतरावरून, एकाच ऋणाच्या वसुलीच्या दोन नोटिसा आहेत.

ह्या दृष्टीने पाहता दिग्रसच्या त्या घराचा दोष कागद पुजण्यात नव्हता. न वाचता पुजण्यात होता. न वाचलेल्या अक्षराची पूजा ही अक्षराची पूजाच नव्हे. तिच्या आड स्तोत्रही लपू शकते आणि गहाणखतही.

पुढे मी त्या सर्व कागदांची बाळबोधीत नक्कल करून पाठविली. एक सोडून दोन प्रती. एक घरच्या रुमालात राहावी म्हणून. दुसरी कशासाठी, हे मी पत्रात लिहिले नाही; पण त्या खेड्यात त्या आडनावाची घरे अजून आहेत, एवढे लिहिले. ते शेत आज कोणाकडे आहे हे मी विचारले नव्हते आणि मला कोणी सांगितलेही नव्हते. मातोश्रींच्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्याच पत्रात कळविले : रुमाल पूजेत अवश्य ठेवावा, पण दरवर्षी फूल वाहण्यापूर्वी त्यातील एक कागद घरातील मुलांकडून मोठ्याने वाचवून घ्यावा, आणि फूल वाहावे ते खालच्या नांगरावर. त्या सबंध पानावर, लिहून देणाऱ्यास वाचता येत होते असे ते एकच अक्षर होते.